गेटपर्यंत जाऊन या

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठत जातात आणि एक ओढायला गेलं की चार बाहेर पडतात!

मी काउन्सेलर आहे. मीरा रोडला, हाटकेशमध्ये माझी एक छोटी खोली आहे. लांबलचक आजारपणानंतर कामावर परत जाणाऱ्या माणसांना मी धीर देते. माणसं आजारातून उठतात हो, पण कामाच्या दारात पाय अडतो. खाली नावं बदललीत, माणसं तीच.

सावंतकाका एका पॅकेजिंग कारखान्यात स्टोअरकीपर. बायपासनंतर आठ महिने घरी. कंपनीने कळवलं होतं, महिनाअखेरपर्यंत रुजू व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. आणि इकडे स्टोअरचं नाव काढलं की काकांना घाम फुटायचा. मी म्हटलं, "आत जायचंच नाही काका. नुसतं गेटपर्यंत जाऊन या." फार शहाणी ना मी!

आठवड्याने काकूंचा फोन. "मॅडम, हे रोज डबा घेऊन निघतात आणि तासाभरात पेरू घेऊन परत येतात. घरात नऊ किलो पेरू झालेत!"

कारखान्याच्या गेटसमोर पेरूवाल्याची गाडी उभी असते. काकांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, गेटपर्यंत जाऊन या!"

मी त्यांनी आणलेले दोन पेरू खाल्ले.

फिलोमिना उत्तनची. एका शाळेत क्लार्क. केमो संपली होती, डोक्याला स्कार्फ. तिला भीती आजाराची नव्हती, स्टाफरूमची होती. म्हणून आम्ही रिहर्सल करायचो. मी भोचक बाई व्हायचे आणि वाट्टेल ते विचारायचे. पहिले तीन दिवस ती नुसती रडली. चौथ्या दिवशी मी विचारलं, "अगंबाई, केस कुठे गेले?"

"सुट्टीवर. मी आले ना, ते पण येतील!"

मी रिहर्सल तिथेच बंद केली. पुढे शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या एकाबद्दल त्याच्या कंपनीच्या एचआरमधल्या तरुणाने मला फोन केला. "मॅडम, हा माणूस पुन्हा आजारी पडणार नाही असं सर्टिफिकेट द्याल का?"

म्हटलं, "देते की. तुमचंही असंच एक आणा, दोन्ही एकाच फाइलला लावू!"

वरसाव्याचे भोईर मशिनवर काम करतात. कमरेचं ऑपरेशन झालं, पाच महिन्यांनी कामावर गेले. तिथे सगळ्यांनी त्यांना स्टूलवर बसवलं. हे उचलू नको, ते धरू नको, चहा घे! दिवसाला सहा चहा. भोईर माझ्याकडे आले ते रडवेले होऊन. "मॅडम, मी कामगार हाय का पाहुना?"

मी त्यांच्या फोरमनशी बोलले. पुढच्या आठवड्यात भोईरांचा फोन, आवाज टिपेला. "मॅडम, आज सायेब माझ्यावर वरडला! सगल्यांसमोर!"

"अहो, का?"

"मशिनवरचा जॉब वाकडा कापला!"

"मग वाईट वाटलं असेल."

"वाईट कसला? पेढे घेतलेत!"

पण सावंतकाकांचं काही केल्या हलेना. महिना संपायला दोन दिवस उरले. आपल्या सल्ल्याने एका माणसाची नोकरी जाणार, या विचाराने मला जेवण जाईना. त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"मॅडम, साडेसहा वाजले. आज पेरू आले नाहीत!"

इतकं हायसं मला माझ्या स्वतःच्या परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. इन केलेला शर्ट, खिशाला कंपनीचं कार्ड. म्हणाले, "गेटवरचा वॉचमन नवीन आहे. मला रोज पेरू घेताना बघायचा. काल त्याने हाक मारली, 'अंकल, किसी से मिलना है क्या?' आणि व्हिजिटर्सचं रजिस्टरच पुढे केलं."

"मग?"

"मी गडबडलो. नाव लिहिलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात काय लिहू सुचेना, म्हणून तिथेही माझंच नाव लिहिलं."

"अरे देवा! मग?"

"त्याने स्टोअरला इंटरकॉम लावला. 'सावंत साहब से मिलने सावंत साहब आए हैं.' पलीकडे आमचा गावडे होता. मला बाहेर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने ओरडला, 'अरे, सोड त्यांना आत! आठ महिने झाले, आम्ही पण त्यांनाच भेटायला थांबलोय!'"