चिंधीचा रंग

पाचूबंदरच्या मासळीवाल्या मावशी माझ्या क्लासात पदर खोचून बसतात. मला सर म्हणतात आणि अरे-तुरेही करतात. इंग्रजीत दोनदा नापास झाल्यावर त्या दहावीचा नादच सोडणार होत्या. काल मी फळ्यावर लिहिलं, ‘द वुमन विथ द बास्केट सॅट ऑन द बोट.’ विचारलं, कुठला तुकडा कोणत्या शब्दाचा?

मावशी उठल्या. "सर, तू सरक. लिलावात टोपली कोनाची ते तिला बांधलेल्या चिंधीच्या रंगावरून कळतं." त्यांनी ‘वुमन’ आणि ‘विथ द बास्केट’ लाल खडूने रंगवलं, ‘सॅट’ आणि ‘ऑन द बोट’ हिरव्याने.

अगदी बरोबर! घरातला पहिला पदवीधर मी, पण हे नुसतं पाठ केलेलं, समजलं काल. मी टाळ्याच वाजवायला लागलो.

"टाळ्या पुरे," मावशी म्हणाल्या, "परीक्षेचा फॉर्म काढ."