ओट्यावरचा अबोला

माझी भाची तळेगावात एका कंपनीत टीम सांभाळते. परवा आली ती डोकं धरूनच. म्हणाली, "मावशी, काम अंगावर आलं की माणसं एकमेकांवर धावून जातात. तू काय करतेस गं?" आता मी काय शहाणपण सांगणार! अक्षरं शिकले तीच चिक्कीच्या खोक्यांवरची. पण तिला जे सांगितलं, ते लिहून ठेवते.

लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात मी बायकांची मुकादम. आमचं काम कसं, गुळाचा पाक शेंगदाण्यांसकट तेल लावलेल्या ओट्यावर ओतला, की एकीनं भराभर लाटायचं आणि दुसरीनं लगेच वड्या पाडायच्या. लाटणारी "घे" म्हणाली की सुरी घालायची. कधी घालायची ते लाटणारीच्याच हाताला कळतं. उशीर झाला की चिक्की थंड होते आणि नुसते तुकडे उडतात.

तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, दुकानापुढं गाड्यांची रांग लागलेली, आणि आमचे घाणे एकामागून एक वाया जायला लागले. लाटायला वडिवळे गावच्या दोघी जावांतली थोरली, कापायला तिचीच धाकटी जाऊ. दोघींचे हात पक्के. मालक आला, तुकड्यांची रास बघून भडकला. "मावशी, थोरलीचा हात गेला आता. उद्यापासून येऊ नको म्हणावं तिला."

हे सगळ्यांदेखत. थोरलीनं ऐकलं, मान काही वर केली नाही. तिचं घर त्या रोजावरच चालतं, हे मला ठाऊक.

मलाही राग आलाच की. म्हणून आधी नळाखाली मनगटं धरली. तापल्या पाकात आणि तापल्या डोक्यात बोट घालू नये, असं माझं आपलं मत. मग ओट्याशी नुसती उभी राहिले. पुढचा घाणा पडला. थोरलीनं लाटला, काय सुरेख, कुठं उंचवटा नाही! आणि लाटणं ठेवून गप्प. "घे" म्हणालीच नाही. धाकटी सुरी धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

म्हणजे हात नव्हता गेला, बोलणं गेलं होतं.

मालकाला म्हटलं, "जरा वेळ द्या. तोवर दुकानात बसा."

"अहो, गिऱ्हाईक उभं आहे दारात!"

"मग त्यांच्याशी गोड बोला. ते तुम्हाला चांगलं जमतं."

पुटपुटत गेला. मी शेगडी बारीक केली, चहा टाकला आणि थोरलीला घेऊन शेंगदाणे पाखडायला बसले. विचारलं काहीच नाही. थोड्या वेळानं तीच बोलली, "धाकटीच्या पोरीची सुपारी फुटली, आन मला शेजारणीकडनं कळतंय. मी परकी हाय व्हय?"

धाकटीला मागच्या दाराशी गाठलं. ती रडायलाच लागली. "मागल्या टायमाला ताईस्नी आदी सांगितलं आन ठरल्यालं मोडलं. किती रडल्या त्या! म्हून म्हटलं, आता पक्कं झाल्याबिगर सांगायचं न्हाई."

"मग हे मला कशाला सांगतेस? जिला सांगायचं ती तिकडं पाखडत बसलीय. चहा घेऊन जा."

खरं तर समजूत मीच घालावी असं जिभेवर आलं होतं. गिळलं. माझ्या तोंडून गेलं असतं, तर तो नुसता निरोप झाला असता.

त्या काय बोलल्या ते ऐकलं नाही. आधी आवाज चढले, मग नाकं शिंकरली, मग हसू आलं. पुढच्या घाण्याला थोरली ओरडली, "घे की गं! नवरीची आय झालीस म्हून हात जड झालं व्हय?" वड्या अशा पडल्या म्हणता!

मालकाला हाक मारली. म्हटलं, "मोठ्यानं बोलला होतात, आता मोठ्यानंच मागं घ्या." त्यानं डोकं खाजवलं. पण थोरलीपुढं जाऊन म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं. उद्या जरा लवकर या."

"येते. पर उद्या आमा दोघींस्नी लवकर सोडावं लागंल," थोरली म्हणाली. "पोरीची साडी बघायची हाय, आन हिला रंगातलं काय कळत न्हाई."

"तुमाला लय कळतं!" धाकटी म्हणाली.

तिथून जे सुरू झालं, ते दिवेलागणीपर्यंत. जांभळा का मोरपंखी, मोरपंखी का जांभळा, कान किटले माझे. पण गप्प बसा म्हणून मी काही कुणाला म्हटलं नाही.