खाली बार, वर तालीम

सुमे, मी इंग्लंडला निघालो त्या दिवशी मिरज स्टेशनवर तू रडत होतीस, आणि आपली आई मात्र डब्याचं झाकण नीट बसलंय का ते पुन्हा पुन्हा बघत होती. गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालत म्हणाली, "तिथं आपली माणसं शोध बाबा. एकटा राहू नकोस." मी मान हलवली. आईची आपली माणसं आणि माझी वेगळी असणार, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुला मात्र आज, पन्नाशी उलटल्यावर, पहिल्यांदा लिहितोय.

साउथहॅम्प्टनला दोन्ही सापडली, आणि नवल म्हणजे एकाच इमारतीत. गोदीजवळच्या गल्लीतली लाल विटांची जुनी इमारत. आधी तिथं जहाजांची शिडं शिवत. पुढे बोटीवरच्या आचारी-वाढप्यांचं लॉजिंग झालं, दुसरी बोट मिळेपर्यंत राहायला. त्या वाढप्यांत माझ्यासारखे पुष्कळ. पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं इथं गुन्हा होता त्या काळात ते वरच्या हॉलमध्ये एकमेकांबरोबर नाचत. खाली पोलीस आला की बारवाला जिन्यातला दिवा विझवायचा, आणि वर सगळे पत्ते घेऊन बसायचे. कायदा बदलल्यावर खालचा बार उघडपणे गे बार झाला. हे सगळं मला टेरीनं सांगितलं. टेरी म्हणजे बारचा मालक, तोही एके काळचा बोटीवरचा वाढपीच. दर गुरुवारी क्लिनिक आटोपलं की मी तिथं कोपऱ्यात जाऊन बसायचो. फारसं बोलायचो नाही. बायको-मुलांची चौकशी कुणी करत नसे, तेवढंच पुरे होतं.

मग आमच्या मराठी मंडळाला गणपतीच्या नाटकाच्या तालमींसाठी स्वस्तात हॉल हवा होता. सेक्रेटरी वसुधाताईंनी नेमका तोच शोधून काढला, वरचा. मीटिंगमध्ये म्हणाल्या, "पार्किंग आहे, किचन आहे, आणि खालच्या बारमधली माणसं इतकी सज्जन! आम्ही बायका येता-जाता एकानं मान वळवून पाहिलं असेल तर शपथ."

"तुमच्याकडे बघायचं म्हणजे धाडसच हो," त्यांचे यजमान म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर कित्येक वर्षं मी रविवारी दुपारी मंडळाबरोबर मागच्या लोखंडी जिन्यानं वर जायचो, आणि गुरुवारी एकटा पुढच्या दारानं आत. गुरुवारी टेरी खांद्यावर हात ठेवून "आलास का, लव्ह?" म्हणायचा. रविवारी तोच टेरी चहाचा ट्रे घेऊन वर यायचा आणि मला विचारायचा, "दूध चालेल, सर?" तसं वाग म्हणून मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या पिढीला ते सांगावं लागत नसे.

बाबा गेल्यावर आई उन्हाळाभर माझ्याकडे होती, तेव्हा एकदा तालमीला आली. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवेना, म्हणून टेरीनं तिला खाली बंद बारमध्ये खिडकीशी बसवलं. तालीम संपवून उतरलो तर आईनं फडकं मागून घेतलेलं, ती ग्लास पुसतेय आणि टेरी ते फळीवर लावतोय. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती.

घरी येताना गाडीत म्हणाली, "तो खालचा माणूस फार मायेचा आहे. लग्न नाही का केलं त्यानं?"

"नाही."

"मग त्याचं कोण आहे रे?"

"मला काय माहीत?"

ती बाहेर बघत राहिली. गाडीत आम्ही दोघंच होतो, रस्ताही लांबचा होता. ती आणखी काही विचारणार होती, की मी बोलेन म्हणून थांबली होती, हे आता कळायला मार्ग नाही. पुढच्या वर्षी ती गेली. नंतर टेरीही गेला. त्याच्या फ्युनरलला मी सगळ्यांत मागे उभा राहिलो आणि कुणाला न भेटता परतलो.

या हिवाळ्यात कळलं की इमारत विकली, आत फ्लॅट्स होणार. वसुधाताईंचा फोन आला. "अहो डॉक्टर, आपला हॉल जातोय हो! कौन्सिलमध्ये मीटिंग आहे. मंडळातर्फे तुम्ही दोन शब्द बोला, तालमींबद्दल."

बोललो. तालमींबद्दलच बोललो. समोर बारमधले म्हातारे बसले होते, दर गुरुवारी भेटून मला ओळखणारे. त्यातला एकही माझ्याकडे बघत नव्हता. शेजारी मंडळाची माणसं आहेत म्हणून सगळे मला सांभाळून घेत होते. ते मला सोसलं नाही. मी म्हणालो, "या इमारतीत मी खालीही यायचो. मी गे आहे. आणि टेरी माझा मित्र होता."

वसुधाताईंनी मला गाडीनं घरी सोडलं. वाटेत म्हणाल्या, "तालमीला तुम्ही कुणाशी बोलायचा नाहीत. आम्हाला वाटायचं, डॉक्टरांना गर्व आहे."

"गर्व नव्हता."

"हं." दारापाशी गाडी थांबवून म्हणाल्या, "जपून. पायरीवर बर्फ झालाय."

त्यानंतर मंडळातून कुणाचा फोन नाही. त्यांचाही नाही.

फ्लॅट्सना परवानगी मिळाली. दर्शनी भिंत तेवढी राहणार. घर कुठलं असं कुणी विचारलं की इथं मी मिरज सांगायचो आणि मिरजेत साउथहॅम्प्टन. आता वाटतं, मला ओळखणाऱ्याला अनोळखी असल्याचं सोंग करावं लागू नये, ते घर. असं ठिकाण सध्या माझ्याकडे नाही. हे वाचून झालं की फोन कर, सुमे. काय बोलायचं ते ठरवत बसू नकोस.