अमानत, नग दोनशे

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, शब्दही साधेच आहेत. मोठे शब्द मला येत नाहीत, आणि एकदा एक मोठा शब्द लिहिला त्यानं काय झालं ते पुढं येईलच.

आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या मशीनखाली कातरण साचतं. रोज झाडलं तरी संध्याकाळी पुन्हा ढीग. किश्श्यांचंही तसंच असतं. मंदाताई म्हणाली, "गणा, कातरण आपण दळून परत वापरतो, मग हे कशाला वाया घालवायचं? लिहून काढ." म्हणून लिहितोय.

यातलं बरंचसं हसण्यासारखं आहे. पण त्याच दिवसांत माझे आबा अंथरुणाला खिळले होते आणि पाणी प्यायला तयार नव्हते. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

*

कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. शेड एकच, माणसं नऊ. मालक विलासदादा, पाचोडकडचे, घरची शेती. आम्ही तेलाचे कॅन आणि फिनाईलच्या बाटल्या काढायचो. एक दिवस दादा एका दवाखान्यातून नवी ऑर्डर घेऊन आले. सगळ्यांना गोळा केलं, आणि बोलेनात.

"ते असतं ना," दादा म्हणाले, "पेशंटचं. उठता येत नाही त्यांचं. एकदा वापरून फेकायचं."

"काय फेकायचं?" पॅकिंगच्या मंदाताईनं विचारलं.

दादा पॅकिंगच्या बायकांकडं बघून लाल झाले. पाटलाच्या घरातला माणूस, बायकांपुढं लघवीच्या भांड्याचं नाव कसं घेणार? शेवटी रशीदचाचा बोलले. चाचा आमचे डायमेकर, म्हणजे लोखंडात साचा कोरणारे. वय पासष्ट, हात सोन्याचे.

"बीमार आदमी अपनी शरम तुमकू देरा," चाचा म्हणाले. "ढक्कन लगाके, संभालके ले जाना. अमानत हुई ना?"

अमानत म्हणजे विश्वासानं दुसऱ्याकडं ठेवलेली वस्तू. दादांची सुटका झाली. त्या दिवसापासून आमच्याकडं त्या भांड्याचं नाव अमानत पडलं. डायवर अमानत, प्लॅस्टिकच्या दाण्याच्या पोत्यावर अमानत. मला तर बरेच दिवस दुसरं नावच ठाऊक नव्हतं.

*

मी लहानपणी आबांबरोबर मेंढरांमागं असताना ओल्या मातीची भांडी करायचो. ते कळल्यावर चाचांनी मला मशीनवरून उचललं आणि नमुने करायला बसवलं. पहिला नमुना मी सरळ मानेचा केला, बाटलीसारखा. दिसायला झकास.

"लेट," चाचा म्हणाले.

"कुठं?"

"टेबल पे. बीमार है तू."

पॅकिंगच्या टेबलावर, पाच बायकांसमोर, मी उताणा पडलो. पँटवरच नमुना धरला. चाचांनी तांब्यानं त्यात पाणी सोडलं. सगळं पाणी उलटं माझ्या अंगावर आलं.

मंदाताई म्हणाली, "गणा, घरी सांगू का, एवढा घोडा झाला तरी भिजवतो म्हणून?"

शेड हसून हसून लोळली. चाचा तेवढे हसले नाहीत. "कैसा लगा?" त्यांनी विचारलं.

"थंड."

"वो नै. दिल में कैसा लगा?"

मी शेवटी बोललो, "भिंतीकडं तोंड करावं वाटलं."

"बस," चाचा म्हणाले. "अब तू बनाएगा."

दुसऱ्या नमुन्याची मान मी वाकडी केली आणि तळ सपाट, म्हणजे कुशीवर वळून, भिंतीकडं तोंड करूनही वापरता यावं. चाचांनी डाय त्याचीच कोरली.

मग मंदाताई म्हणाली, "पुरुषांचं झालं. बायका काय आजारी पडतच नाहीत?" खरंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातून कणकेचा गोळा आणला आणि अंगठ्यानं दाबून पसरट तोंडाचं भांडं करून दाखवलं. तिची सासू तीन वर्षं अंथरुणावर होती. चाचांनी त्या कणकेला वाकून सलाम केला.

*

पहिले पन्नास नग नमुना म्हणून दवाखान्यात दिले. आठवड्यानं दादा विचारायला गेले, किती वापरून फेकले? उत्तर आलं, एकही नाही.

लोक फेकतच नव्हते. पेशंटला सुट्टी झाली की नातेवाईक भांडं राखेनं घासून, उन्हात वाळवून घरी न्यायचे. एक म्हातारी तीन भांडी पिशवीत घालून निघालेली दादांनी स्वतः बघितली.

"आजी, हे फेकायचं असतं," दादा म्हणाले.

"नवं कोरं भांडं? कुणी शिकवलं रं तुला?"

"पण त्यात काय केलंय ते ठाऊक आहे ना?"

"माझ्या लेकानंच केलंय की. गवारीचं बी ठिवीन त्यात. किडा लागायचा नाय."

दादा परत आले ते डोकं धरूनच. "चाचा, असं काढा की कुणाला घरी न्यावंसं वाटणार नाही."

चाचा म्हणाले, "दादा, मेरेकू खराब बनाना नै आता. कोई दूसरा देखो."

*

त्यानंतर आबा पडले. मेंढरं विकून आम्ही मुकुंदवाडीला राहायला आलो होतो आणि आबा सरकीची पोती भरायला जायचे. ट्रकवरून पाय निसटला, पाठीचा मणका गेला. ज्या दवाखान्यात आमचा माल जायचा, त्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं.

जन्मभर ज्या माणसाला आडोसा म्हणून टेकडी लागायची, त्याला आता एक हिरवा पडदा होता, आणि तोही फाटका. नमुन्याची पन्नास लोकांनी घरी नेलेली, वॉर्डात स्टीलची दोनच भांडी होती, ती आळीपाळीनं फिरायची. आबा मागायचेच नाहीत. मी मनात म्हणालो, थांबा आबा, आपला माल येतोय.

माल निघाला त्या दिवशी दादा पाचोडला लग्नाला गेले होते. टेम्पो दारात उभा. मालाबरोबर जायचं चलान लिहायला कुणी नव्हतं, म्हणून मी लिहिलं. आबांच्या वॉर्डात जाणार म्हणून अगदी वळणदार अक्षर काढलं:

'अमानत, नग दोनशे.'

दवाखान्यातल्या स्टोअरकीपरनं ते वाचलं. माणूस सरळ होता. त्याला वाटलं, कुणाची तरी ठेव दवाखान्याकडं सांभाळायला आलीय. त्यानं दोनशे नग मोजून कपाटात घातले, कुलूप लावलं, आणि वर चिठ्ठी डकवली: 'मालक आल्याशिवाय उघडू नये.'

चार दिवस कपाट बंद होतं. सिस्टरनी दादांना फोन केला, दादा म्हणाले माल पोचलाय, स्टोअरकीपर म्हणाला आलाच नाही. पाचव्या दिवशी दादांनी चलानाची प्रत बघितली तेव्हा उलगडा झाला. दादांनी नुसती प्रत माझ्या हातात दिली.

संध्याकाळी मी वॉर्डात गेलो तर सिस्टर सगळ्या खाटांना तीच गोष्ट सांगत होत्या. "कुठल्या येड्यानं लिहिलं, अमानत म्हणून! कपाटाला कुलूप!" सगळा वॉर्ड हसत होता. आबाही हसत होते. त्यांचे ओठ फुटलेले होते. चार दिवस त्यांनी पाणी जवळजवळ बंदच केलं होतं, म्हणजे भांडं मागायला नको.

तो येडा मीच, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. मीही हसलो.

*

आबांना घरी आणलं. एकच खोली, त्यात आबा, माय आणि मी. आता भांडी भरपूर होती, मी मालाच्या तपासणीत नापास झालेले नग आणायचो. तरी आबा पाणी पिईनात. सकाळी दोन घोट, दुपारी दोन, दिवेलागणीला दोन.

डॉक्टर म्हणाले, "लघवीत जंतू झालेत. पाणी गेलं नाही तर किडनी जाईल. दिवसाला तीन लिटर पाजा."

"आबा, घ्या ना," मी म्हणायचो.

"तहान नाय रं."

पहिल्यांदा मायच्या ध्यानात आलं. रेल्वे आमच्या घरामागूनच जाते. माय मला नळावर म्हणाली, "गाडीच्या टायमाला पितात बग. गाडी यायच्या आदी पितात, पुडली गाडी येस्तोवर दम धरतात."

गाडीचा आणि पाण्याचा काय संबंध? मग मी एक दिवस कान देऊन ऐकलं. गाडी धडधडत आली, आणि त्या आवाजात, अगदी बारीक, टक्.

आमच्या भांड्याचं झाकण बसलं की टक् असा आवाज व्हायचा. दादांना त्याचा मोठा अभिमान. दवाखान्यात झाकण लावून दाखवत म्हणायचे, "टक् वाजलं की बंद. थेंब गळणार नाही." तो टक् आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून आबा गाडीची वाट बघायचे.

आम्ही त्यांना काही बोललो नाही. पण तेव्हापासून गाडीची शिट्टी झाली की माय रिकामी बादली उचलून बाहेर जायची. मी चप्पल शोधायला बाहेर जायचो. गाडी गेली की दोघं आत.

*

मी चाचांना सांगितलं. तोंड खाली घालूनच सांगितलं. चाचांनी हातातली कानस ठेवली आणि दादांकडं गेले.

"ढक्कन की आवाज निकालनी है."

"टक् काढायचं?" दादा उडालेच. "चाचा, त्या टकावर तर ऑर्डर मिळालीय. आणि कड जास्त घासली गेली तर झाकणाची डायच वाया."

"हौ. जाएगी तो मेरी पगार से काटो."

"पण कशासाठी?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी झाकण उचलून पुसायला लागलो. मघाशी सगळं ऐकलेली मंदाताईच मागून म्हणाली, "दादा, त्याचे आबा गाडीच्या आवाजात झाकण लावतात."

दादांनी स्वतः जाऊन मशीन बंद केली.

चाचा दोन दिवस डाय घासत होते. कानशीनं नाही, पॉलिश पेपरनं. थोडं घासायचं, तीन झाकणं काढायची, लावून बघायचं. पॅकिंगच्या पाची बायकांना त्यांनी पाठमोरं उभं केलं. आवाज आला की हात वर करायचा.

टक्. पाच हात वर.

पुन्हा घासलं. टक्. चार हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन हात. मग एक, तो मंदाताईचा. तिचे कान फार तिखट.

त्यानंतर कितीतरी वेळ कुणाचा हात हलेना. मंदाताई पाठमोरीच वैतागली, "चाचा, लावा की! पाय दुखले."

"कब का लगा दिया, बेटी," चाचा म्हणाले.

दादांनी ते भांडं पाण्यानं भरलं आणि आपल्या टेबलावर, पेपर अंथरून, जेवणाच्या सुट्टीभर उलटं ठेवलं. सुट्टी संपल्यावर पेपरवर हात फिरवला. कोरडा होता.

दादा म्हणाले, "गणा, पहिला नग घरी ने. आणि नापासातला नको, चांगला ने."

*

मी आबांना काही सांगितलं नाही, जुनं उचलून नवं ठेवलं. एक गाडी गेली, माय आणि मी बाहेर जाऊन आलो. आबांनी झाकण दोनदा उघडून लावलेलं मी फटीतून बघितलं.

दुपारी, कुठलीच गाडी नसताना, आबा म्हणाले, "तांब्या दे रं जरा."

गटागटा प्यायले, आख्खा तांब्या. माय चुलीकडं तोंड करून रडली. त्यानंतर शिट्टी झाली तरी आम्ही जागेवरून उठायचो नाही.

असे बारा दिवस गेले. पण डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, किडनीवर गेलंय.

*

शेवटचा किस्सा आबांच्या शेवटच्या दिवसाचा.

तोवर त्यांनी मला कधी भांडं उचलू दिलं नव्हतं. मायच न्यायची, तीही पदराखाली. त्या दिवशी दुपारी माय दळणाला गेली होती. आबा भिंतीकडं तोंड करून होते. मग वळले, झाकण लावलेलं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"घे. अमानत हाय," आबा म्हणाले. "या टायमाला चलान नीट लिही."

दिवस मावळायच्या आत आबा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडचे पाहुणे यायचे होते, म्हणून मयत खोलीतच ठेवलं होतं. कडेनं माणसं बसली होती. चाचा दाराशी होते. सकाळच्या गाडीची शिट्टी झाली.

माय उठली, बादली उचलली आणि बाहेर गेली. मीही उठलो. आम्ही दोघं उठलो म्हणून बाकीचेही, काय झालं ते न कळता, एकेक करून बाहेर आले.

चुलते म्हणाले, "आरं, मयताला एकटं ठिवत नसत्यात."

मी म्हणालो, "थोडा वेळ, काका."

मी दार ओढून घेतलं आणि गाडी जाईपर्यंत बाहेर उभा राहिलो.