ताईच्या दुधाची फाईल

छप्पन साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळला आली तेव्हा वडिलांची सचिवालयातली खुर्चीही आली आणि खुर्चीमागे आम्ही. जवाहर चौकाजवळ नवं सरकारी क्वार्टर मिळालं. भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा. आमच्या ओळीतले सगळेच नागपूरचे, सगळेच सचिवालयातले. कुणाची लेक मागे राहिली, कुणाची बहीण. त्यामुळे माझी ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हा ओळीतल्या झाडून सगळ्या बायकांना ती आपलीच वाटू लागली.

मुलगी झाली. रागीट आणि भुकेली. पण पाचवी पुजून झाली तरी ताईला दूध सुटेना. छाती भरून दगड झालेली, बाळ ओढून ओढून लाल व्हायचं, आणि थेंब नाही. बोंडल्याने गाईचं दूध पाजलं तर ते पोरीला पचेना. ती वाळत चालली होती. बायका सकाळ-संध्याकाळ अळिवाची खीर घेऊन यायच्या, खाटेभोवती बसायच्या आणि ताईच्या पदराकडे टक लावून बघायच्या. "सुटलं का?" हाच आमच्या ओळीतला रामराम झाला होता. एकदा ताई माझ्या कानाशी म्हणाली, "मला नाही गं आई होता येत." ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

मी तेव्हा मेडिकलला होते आणि नव्या विद्येची मस्ती अंगात होती. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. बाळ ओढू लागलं की वर्दी जाते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसकडे. त्याचा हुकूम खालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटतो, रक्तातून छातीपर्यंत पोचतो आणि मग पान्हा फुटतो. बाई धास्तावलेली असली तर हुकूमच निघत नाही. झालं. मी दाराला आतून कडी घातली आणि खिडकीतून सांगून टाकलं, "काकू, आता कुणी यायचं नाही."

घर चिडीचूप झालं. दूध काही आलं नाही. उलट ताई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. शेवटी म्हणाली, "बोलाव ना त्यांना. एवढ्या शांततेत मला भीती वाटते." पुस्तकाने मला तोंडघशी पाडलं होतं. मी मुकाट कडी काढली.

बायका आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय गं डॉक्टरीणबाई, आम्ही काय दुधाला नजर लावतो?"

आता यांना ग्रंथी कशी समजवायची? कारकुनांच्या बायका, मग कारकुनी भाषेतच सांगितलं. "काकू, बाळाचं ओढणं, रडणं म्हणजे अर्ज. तो जातो सचिवसाहेबांकडे. ते बसतात मेंदूत. साहेबांनी मान डोलावली की खालचा हेडक्लार्क, म्हणजे ती ग्रंथी, हुकूम रवाना करतो. गोदामात दूध भरलंय. हुकूम निघत नाहीये."

काकूंनी विचार केला. "म्हणजे फाईल अडकली."

"हो."

"अडकणारच बाप्पा. अर्ज केला भोपाळात, साहेब अजून नागपुरात."

"आणि हेडक्लार्क आले असतील, तर त्यांना क्वार्टर मिळालं नसेल," दुसऱ्या म्हणाल्या.

"खुर्ची इटारसीलाच उतरवली असणार," तिसऱ्या म्हणाल्या, "आमचं कपाट तसंच गेलं."

तेवढ्यात व्हरांड्यातून वडिलांचा गंभीर आवाज आला, "आमच्या खात्यात फायली अडकत नाहीत."

मग कोण आवरतंय! ताई पोट धरधरून हसली. त्या गोंधळाने बाळ जागं झालं आणि टाहो फोडला. ताई हसता हसता थांबली, खाली बघत राहिली. पोलकं ओलं झालं होतं.

काकूंनी बाळ उचलून तिच्या कुशीत दिलं आणि बाकीच्यांना डोळ्यांनी खुणावलं. सगळ्या बायका उठल्या आणि ताईकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या. माझी आईसुद्धा. बाळाच्या घटाघटा गिळण्याचा आवाज यायला लागला, तरी एकीनेही मान वळवली नाही.

बऱ्याच वेळाने काकूंनी समोरच्या भिंतीलाच विचारलं, "सुटली का गं फाईल?"

"सुटली, काकू," ताई म्हणाली. काकू भिंतीकडे बघत बघतच डोळे पुसायला लागल्या.