लाइन देली
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला अकोल्यातल्या आमच्या अंगणातलं भांडण आठवतं. शेजारच्यांशी सांडपाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी फक्त त्यांच्या घरची लाइन गेली. आमच्याकडे विजेला लाइनच म्हणतात. घरी एकटा असलेला त्यांचा मुलगा भिंतीवरून माझ्या ताईला म्हणाला, "उद्या पेपर हाये, थोडी लाइन दे ना." ताईनं आमच्या बोर्डातून वायर टाकून दिली आणि त्याचा कूलर सुरू झाला. संध्याकाळी त्याची आई अचलपूरहून परतली. "त्या पोरीनं तुमच्या पोराले लाइन देली," एवढंच तिला कोपऱ्यावर कुणीतरी सांगितलं. तिनं भलताच अर्थ घेतला आणि पिशवीसकट आमच्या दारात येऊन ओरडली, "माह्या पोराले लाइन देतं काय वं? लाज नाई वाटत?" गल्ली गोळा झाली. ताई म्हणाली, "काकू, करंटची लाइन देली! विचारा त्याले." पण आमची वीज घेतल्याचं कळलं तर आई मारेल, या भीतीनं त्यानं वायर केव्हाच काढून टाकली होती. खाली बघत तो म्हणाला, "मले काई मालूम नाई." मी मधे बोलायला गेले, तर बाबांनी मला आत ढकललं. शोभा झाली म्हणून त्यांनी ताईचं कॉलेज सोडवलं आणि दिवाळीआधी तिचं लग्न उरकलं. परवा अमरावतीला एका लग्नात तो भेटला आणि हसत म्हणाला, "ताई कशी आहे?" मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तिचं नाव काढू नको."