चाच्याच्या भुताचा विराम

पडदा उघडतो तेव्हा समोर समुद्र आहे. दाट धुकं, फाटकं शीड आणि डोलकाठीला टेकून उभा असलेला एक चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू. तो कधीच मेलाय, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. एवढा मोठा समुद्र हातभर पडद्यावर मावलेला. पडद्यापुढे एक कोंदट खोली, भिंतींना करडा स्पंज, मधोमध माइक, आणि त्या माइकसमोर हेडफोन लावून उभे असलेले मामा. लहान मुलांच्या त्या कार्टूनमधल्या भुताचा आवाज म्हणजे हे मामा.

मामा रंगभूमीवरचे जुने खलनायक. आवाज असा की शेवटच्या रांगेतलं तान्हं पोर दचकून उठावं. पाठांतराच्या नावाने मात्र सगळा आनंद. जन्मभर त्यांनी नाटकं केली ती डाव्या विंगेच्या भरवशावर. तिथे चष्मा लावून, मांडीवर संहिता घेऊन त्यांची बायको बसायची. मामा अडले की ती हलकेच पुढचा शब्द टाकायची. तो येईपर्यंत मामा मान किंचित डावीकडे कलती करून थांबत. लोकांना वाटे, काय विराम घेतो हा माणूस. पेपरांतून त्या विरामाचं कौतुक छापून येई.

"विराम कसला डोंबलाचा," ती घरी म्हणायची, "बस चुकलेल्या माणसासारखे माझ्याकडे बघत उभे होतात."

"अगं, पण शोभून दिसतं ना?"

"दिसतं. म्हणूनच शब्द जरा उशिरा देते."

ती गेली आणि मामांनी नाटक सोडलं. आवाज देण्याच्या कामातही त्यांचं बस्तान बसेना, कारण वाक्यं समोर कागदावर असली तरी प्रत्येक वाक्याआधी मान डावीकडे कलायचीच. तोवर पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलून मिटलेले असायचे. शेवटी हे भूत मिळालं. त्याचं तोंड कायम धुक्यात. ते कधी बोललं, कधी थांबलं, कोण विचारतो? "माझं जहाज," मग शांतता, मग "कुणी पाहिलंत का?" मुलं आधी घाबरत आणि मग त्याची कीव येऊन रडत. मामांना त्या शांततेत काही ऐकू येत असे असं नाही. पण तेवढ्या वेळात विंगेत कुणीतरी बसलेलं असे.

आज सगळं बिनसलं ते मुलांच्या प्रेमापायीच. त्यांना भुताचा चेहरा बघायचा होता, म्हणून चित्रकारांनी त्याच्या तोंडावरचं धुकं हटवलं होतं. दाढी आली, डोळे आले, आणि ओठही आले.

"मामा, आता तोंड दिसतंय," काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली. ती मामांची नाटकं बघत वाढलेली. "वाक्य ओठांवर बसायला हवं."

"बसवू की."

बसेना. भुताने तोंड उघडलं की मामांची मान डावीकडे.

"मामा, भूत बोलून गेलंसुद्धा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "तुम्ही अजून किनाऱ्यावरच."

"भुताला सांग, जरा दमानं घे. मेल्यावर कसली आलीय घाई?"

सगळे हसले. मामाही हसले. पुन्हा घेतलं, पुन्हा हुकलं. दिग्दर्शिकेने युक्ती काढली. "वाक्याच्या आधी मीच तुमच्या कानात पहिला शब्द टाकते. चालेल?"

"नको," मामा इतक्या पटकन म्हणाले की ती चपापली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "ती जागा रिकामी नाही, पोरी."

तिला काय समजलं कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "मग तुम्हीच बघा. एकदा, न थांबता."

मामा घोटभर पाणी प्यायले. त्यांनी दोन्ही हातांनी स्टँड घट्ट धरला आणि मान जागची हलू दिली नाही. भुताने तोंड उघडलं, त्याच क्षणी मामा बोलले, "माझं जहाज कुणी पाहिलंत का?" शब्दन् शब्द ओठांवर चपखल बसला. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. काचेपलीकडे टाळ्या वाजताना दिसल्या, पण या खोलीत त्यांचा आवाज पोचत नव्हता.

मामांनी आता डावीकडे पाहिलं. तिकडे स्पंज लावलेली भिंत होती. नुसती भिंत.

त्यांनी हेडफोन काढला, वायरीची नीट गुंडाळी केली आणि तो स्टँडवर टांगला. दिग्दर्शिका दार ढकलून आत आली.

"मामा, काय झालं? इतकं छान जमलं. पुढचं वाक्य घेऊ या ना."

"पुढचं दुसऱ्या कुणाकडून घे. चांगला गळा बघ."

"अहो, पण तुम्हाला जमतंय की."

मामा दारात थांबले. या खेपेला मान कुठेच वळली नाही.

"जमतंय गं," ते म्हणाले. "पण सवय लागेल ना."